राजा घरात आहे का?

पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे सरका, राग नाही.

आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद काही केल्या मिटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर चार्ल्स राजानं सख्ख्या भावाची प्रिन्स ही पदवी काढली, विंडसरमधलं मोठं घर सोडायला लावलं आणि तो नुसता अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर उरला. तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो, बघा, राजानं भावालाही सोडलं नाही, याला म्हणतात गादीची शान. दुसरा म्हणतो, लैंगिक गुन्हेगार एपस्टीनशी असलेल्या दोस्तीबद्दल त्यानं टीव्हीवर दिलेली ती मुलाखत २०१९ ची, मग सहा वर्षं मुहूर्त बघत होते का? मध्येच कोणीतरी 'आधी कोहिनूर द्या' टाकतो, त्याला भराभर अंगठे पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. या घराण्याचा आज उपयोग काय, आणि त्याची किंमत कोण मोजतं? ग्रुपवर मी तोंड उघडत नाही, तिथे नवऱ्याचे साहेबही आहेत. म्हणून इथे.

मी राहते इंग्लंडात, स्लाउला. इथून विंडसर म्हणजे छोट्याशा गाडीनं सहा मिनिटं. त्यामुळे भारतातून कोणीही आलं की पहिली फेरी किल्ल्याची. २०२३ च्या जूनमध्ये सासूबाई आल्या. त्यांचं माहेर औंध. पुण्याचं नव्हे, खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध. चांगला वार म्हणून त्यांनीच मंगळवार निवडला, आणि मंगळवार-बुधवार किल्ला बंद असतो हे मला पार दारात गेल्यावर कळलं. इतकी वर्षं इथे राहून! गुरुवारी परत गेलो. चढ चढून आई जरा कठड्याला टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "राजा घरात आहे का?"

मी गोल बुरूज दाखवला. "आई, वर राजाचं निशाण असलं की तो आत. नुसता युनियन जॅक असला की तो नाही."

"मग आज?"

"आज नाही."

"अगं, मग ही एवढी माणसं कोणाला बघायला आलीत?"

पर्यटनाच्या मुद्द्यावर इतका नेमका प्रश्न मी इथल्या कुठल्याही चर्चेत ऐकलेला नाही. राजघराणं गेलं तर पर्यटन बुडेल, हे वाक्य इथे लहान पोरसुद्धा पाठ म्हणतं. आता बघा, फ्रान्सनं १७९३ मध्ये राजाचं मुंडकं उडवलं, व्हर्सायच्या दारातली रांग अजून हटलेली नाही. आणि खुद्द विंडसरमध्ये किल्ल्यापेक्षा जास्त माणसं लेगोलँडला जातात. माझ्या पोरांनी किल्ला एकदा पाहिला, तोही कुरकुरत. लेगोलँडच्या फेऱ्या मी मोजणं सोडून दिलंय. लोक दगड बघायला येतात, तोफा, चिलखतं, पहारा बदलणारे लाल डगलेवाले बघायला येतात. राजा त्या दिवशी स्कॉटलंडला असला तरी तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

औंधचंच घ्या. भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे आईंच्या माहेरच्या भाषेत बाळासाहेब महाराज, हा रोज सूर्यनमस्कार घालणारा आणि शाळेतल्या पोरांकडून घालून घेणारा राजा. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती दिला, तेही आपणहून. टेकडीवर संग्रहालय बांधलं. राजा गेला, संस्थान गेलं, पण संग्रहालयासाठी लोक अजून ती टेकडी चढतात. किल्ल्याच्या अंगणात उभं राहून आई हे सगळं मला सांगत होत्या आणि मागच्या जपानी बाईंना वाटत होतं की आम्ही विंडसरबद्दलच बोलतोय.

आता पैशाचं. यात दोन्ही बाजू हातचलाखी करतात असं माझं मत झालंय.

सरकारकडून घराण्याला दरवर्षी जे अनुदान मिळतं ते २०२४-२५ मध्ये ८ कोटी ६३ लाख पौंड होतं, २०२५-२६ मध्ये १३ कोटी २१ लाख झालं. राजाची बाजू म्हणते, माणशी भागिले तर दोन पौंडसुद्धा होत नाहीत, एका कॉफीपेक्षा कमी. खरंय. पण बंदोबस्ताचा खर्च त्यात धरत नाहीत, आणि तो आकडा जाहीरच करत नाहीत. राजा नको म्हणणारी 'रिपब्लिक' नावाची संघटना सगळं मिळवून ५१ कोटी सांगते, तर त्यात न मिळालेलं उत्पन्नही खर्च म्हणून धरलेलं असतं. मला दोन्ही आकडे बघून आमच्या सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींची वही आठवते.

मग येतो हुकमी एक्का: "अहो, उलट राजाच देशाला पैसा देतो! क्राउन इस्टेटचा सगळा नफा सरकारजमा होतो." होतो ना. पण ती मालमत्ता, म्हणजे जमिनी, इमारती, समुद्राचा तळ, गादीची आहे, घरची नाही. तिसऱ्या जॉर्जनं १७६० मध्येच तिचं उत्पन्न पार्लमेंटकडे सोपवून बदल्यात ठरलेली रक्कम घेतली. कलेक्टरची बदली झाली की तो बंगला बरोबर नेत नाही, तसंच हे. आणि मजा अशी की अनुदान या नफ्याच्या टक्केवारीवर ठरतं, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाड्यानं नफा फुगला की अनुदानही फुगतं. टक्केवारी मध्यंतरी खाली आणली, हे खरं. पण नफा कितीही घसरला तरी रक्कम आदल्या वर्षीपेक्षा खाली येणार नाही, ही तरतूद कायद्यातच आहे. असं इन्क्रिमेंट कुठे मिळत असेल तर मलाही सांगा.

तरीही, पैशावरून राजाला नको म्हणणाऱ्यांत मी नाही. देश म्हटला की त्याच्या प्रमुखावर खर्च होणारच. आपल्या राष्ट्रपती भवनाचे दिवे काय फुकट जळतात? माझं पोट दुखतं ते वेगळ्याच जागी.

इथल्या लँकेशायरच्या पट्ट्यात कोणी मृत्युपत्र न करता आणि वारस न ठेवता मेला, तर त्याचं घरदार, बँकेतली शिल्लक सरकारात जमा होत नाही. ती जाते डची ऑफ लँकेस्टरकडे, म्हणजे राजाच्या खासगी जहागिरीकडे. कॉर्नवॉलमध्ये तशीच युवराजाच्या जहागिरीकडे. खर्च वजा जाता हा पैसा धर्मादाय कामाला लावतो असं जहागिरीचं म्हणणं. २०२३ मध्ये वर्तमानपत्रानं उघड केलं की त्यातला काही पैसा जहागिरीच्या भाड्यानं द्यायच्या घरांच्या डागडुजीवर गेला. ही बातमी वाचली तेव्हा मी कांदा चिरत होते आणि मोबाइल ओट्यावर टेकवलेला होता. सुरी हातातच राहिली. वारस नाही म्हणून खालसा! हे आम्ही साताऱ्याच्या पोरांनी शाळेत घोकलेलं आहे. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज गेले, त्यांनी घेतलेला दत्तक मुलगा कंपनीनं मानला नाही आणि डलहौसीनं साताऱ्याचं राज्य गिळलं. त्याच्याही आधी, प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं म्हणून दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले. वर्ष, दोन वर्षं नव्हे, १८५३ पर्यंत, जवळजवळ चौदा वर्षं या शहरात अर्ज लिहीत, दारं ठोठावत राहिले. हाती काही लागलं नाही. लंडनच्या पावसात बसची वाट बघताना मला ते कितीदा आठवतात. पागोटं भिजलं की काय करत असतील?

तर, लोकांच्या घरात वारस आहे की नाही हे जे घराणं इतकं बारकाईनं बघतं, त्याची स्वतःची मृत्युपत्रं मात्र कुलूपबंद. इथे तुमचं-माझं मृत्युपत्र थोडी फी भरून कोणीही मागवू शकतो. राणी एलिझाबेथचे यजमान फिलिप २०२१ मध्ये गेले, त्यांचं मृत्युपत्र कोर्टानं ९० वर्षांसाठी मोहोरबंद केलं. गादीवरून गादीवर जाणाऱ्या मालमत्तेला वारसा कर नाही. राजाच्या पत्रव्यवहाराला माहितीचा कायदा लागू नाही. आणि ज्या कायद्यानं राजाच्या हितसंबंधांना धक्का लागू शकतो त्याचा मसुदा आधी राजवाड्यावर संमतीला जातो. राणीच्या काळात असे हजाराहून जास्त मसुदे गेले, हे २०२१ मध्ये बाहेर आलं. 'राजा काय, नुसता शोभेचा' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, शोभेच्या बाहुलीला मसुदे कशाला दाखवतात?

इथपर्यंत वाचून माझ्या पुरोगामी मित्रांनी टाळ्या वाजवल्या असतील. थांबा जरा.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, नव्वदीच्या घरात आलेल्या. बागेच्या कुंपणावरून आमची मैत्री. मी त्यांना थालीपीठ देते, त्या मला रुबार्बचा जॅम देतात, आणि आम्ही दोघी एकमेकींना 'फारच छान' म्हणतो. २०२१ च्या जानेवारीत त्यांचे यजमान गेले. कोविडचे नियम, अंत्यविधीला मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब, मुलीनंही जवळ घ्यायचं नाही. एप्रिलमध्ये फिलिप यांचा अंत्यविधी टीव्हीवर दाखवला. विंडसरच्या चॅपलमध्ये काळा मास्क लावून राणी बाकाच्या टोकाला एकटी बसलेली. आजी म्हणाल्या, "तीसुद्धा एकटीच बसली." बस, एवढंच. पुढे २०२२ च्या जानेवारीत बातमी फुटली की अंत्यविधीच्या आदल्या रात्री पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कचेरीत दोन पार्ट्या झाल्या, वाइन आणायला सूटकेस घेऊन माणूस पाठवला होता. सरकारला राजवाड्याची माफी मागावी लागली. आजींनी तेव्हापासून त्या पंतप्रधानाचं नाव घेतलेलं नाही. 'सूटकेसवाला' म्हणतात.

त्या एकटं बसण्याला किती पौंड लावणार? मला नाही लावता येत. कोट्यवधी माणसं एकाच नियमानं रडत होती तेव्हा सर्वांत वरच्या बाईनं तोच नियम पाळला, आणि निवडून आलेल्यांनी मोडला. राणी गेल्यावर सव्वादोन-अडीच लाख लोक वेस्टमिन्स्टर हॉलच्या रांगेत रात्ररात्र उभे राहिले, त्यातले सगळे काही राजेशाहीचे भक्त नव्हते.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. ती बाई चांगली होती, की गादी चांगली होती? कारण ज्या नियमानं ती आली त्याच नियमानं तिचा तो मधला मुलगाही आला. जन्माचा क्रम थोडा इकडे तिकडे झाला असता तर आज नाण्यांवर त्याचा चेहरा असता, आणि आपल्याला काहीही करता आलं नसतं.

इथे १९८३ पासून एक सामाजिक पाहणी होते, तीत राजेशाही महत्त्वाची वाटते का असं विचारतात. तेव्हा दहांतले आठ-नऊ लोक हो म्हणायचे. आता जेमतेम निम्मे म्हणतात, आणि तरुणांत तर त्याहून कमी. पण 'मग राजा ठेवायचा की राष्ट्रप्रमुख निवडून द्यायचा' असं विचारलं की बहुमत अजून राजाकडेच. म्हणजे बरेच लोक असे आहेत ज्यांना हे महत्त्वाचं वाटत नाही, तरी काढायचंही नाही. मला यात आमच्या माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ दिसतं. बंब गेला, गीझर आला, वीस वर्षांत त्यात कोणी अंघोळीचं पाणी काढलेलं नाही. पण भंगारवाल्याला द्यायचं म्हटलं की घरातले सगळे एकदम 'नको, राहू दे'. का राहू दे, हे कोणाला सांगता येत नाही.

आजींना मात्र सांगता येतं. मी एकदा चाचरत विचारलं, तर कात्री बाजूला ठेवून म्हणाल्या, "मग तिथे कोणाला बसवशील? त्या सूटकेसवाल्याला?"

राजेशाहीच्या बाजूचा हा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, आणि तो ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. म्हणजे हा देश राजावर फारसं प्रेम करत नाही, स्वतःच्या निवडीला घाबरतो. आजींना मी शेजारचं उदाहरण दिलं. आयर्लंड काही दूर नाही. तिथल्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून मेरी रॉबिन्सन निवडली, मायकेल हिगिन्ससारखा कवी निवडला, ना कोणी हुकूमशहा झाला ना कोणी सूटकेस घेऊन पळाला. मग आमचं सांगितलं. आमच्याकडे जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या, पाच वर्षांनी उठून घरी आल्या. आजी म्हणाल्या, "घरी? नुसत्या घरी?" त्यांना ते फारच गमतीदार वाटलं.

१९ सप्टेंबर २०२२ ला राणीचा अंत्यविधी मी सोफ्यावर बसून सबंध पाहिला. वेस्टमिन्स्टर ॲबीत जगभरचे राजे, राण्या, अध्यक्ष. त्यात आपल्या द्रौपदी मुर्मू होत्या. मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावात संथाळ घरात जन्मलेल्या, आधी सरकारी कचेरीत कारकून, मग शाळेत शिक्षिका. आणि मयूरभंज म्हणजे जुनं संस्थान, तिथेही राजा होता. १९४९ ला ते ओडिशात विलीन झालं. त्या राजाच्या रयतेतली मुलगी राष्ट्रप्रमुख म्हणून ॲबीत आलेली, आणि समोर ज्या पदाची मिरवणूक चालली होती ते पद या देशातल्या कुठल्याही शाळामास्तरणीला कधीच मिळणार नव्हतं. पुढच्याच महिन्यात ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. कारभार आमच्यातला करू शकतो, हे छानच. पण गादीवर बसायला नुसता कॅथलिक असलात तरी कायद्यानं बाद, हिंदूंचं तर नावच नको.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, 'ताई, आपल्याकडे काय वेगळं आहे?' लिहा, लिहा. १९७१ ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले तरी राजे कुठे संपले? तिकीट मागायला पहिल्या रांगेत. मला ते मान्य आहे. पण २०१९ च्या ऑक्टोबरात याच साताऱ्यानं गादीच्या वारसाला पोटनिवडणुकीत पाडलं आणि २०२४ ला परत निवडून दिलं. त्याच वर्षी कोल्हापुरात 'मान गादीला, मत मोदीला' ही घोषणा गाजली, आणि लोकांनी मानाबरोबर मतही गादीलाच दिलं. पटो न पटो, मान आणि मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही आपल्या खिशात आहेत, हे बांधावरच्या म्हातारीलाही ठाऊक आहे. इथे मान तेवढा मागतात, मत विचारतच नाहीत.

मला तर शपथ घ्यायला लावली. २०२३ च्या फेब्रुवारीत टाउन हॉलमध्ये नागरिकत्वाचा समारंभ झाला. आम्ही वीस-बावीस जण, ठेवणीतले कपडे, मी इरकल नेसले होते. भिंतीवर अजून राणीचाच फोटो, खाली उभं राहून शपथ मात्र तिसऱ्या चार्ल्सच्या नावानं: राजाशी, त्याच्या वारसांशी आणि त्याच्या उत्तराधिकाऱ्यांशी एकनिष्ठ राहीन. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर देव गाळलेला मजकूर मिळतो. राजा गाळलेला मिळत नाही. मी 'वारसांशी' या शब्दाला अडखळले. राजाचा नातू जॉर्ज २०१३ चा, माझा थोरलाही त्याच वर्षीचा. एकाला आपण मोठेपणी काय होणार हे माहीत आहे आणि दुसऱ्याला यूट्यूबर व्हायचंय. शपथ घेतली मी, खोटं कशाला बोलू? कर्ज होतं, पोरांच्या शाळा होत्या. भारताचा पासपोर्ट रद्दच्या शिक्क्यासह परत आला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

उद्या इथे मतदान झालं तर मी राजाच्या विरोधात मत देईन. आजींना सांगून देईन. त्या मला जॅम देणं बंद करतील असं वाटत नाही, पण कुंपणावर दोन आठवडे अबोला नक्की.

अँड्र्यूची बातमी साताऱ्यालाही पोचली होती. आईंचा फोन. "राजानं भावाला घराबाहेर काढलं म्हणे?"

"हो आई."

"मग ते घर आता कोणाला?"

मी क्राउन इस्टेट, भाडेकरार वगैरे समजावायला लागले. त्यांचं लक्ष नव्हतं. मला एकदम आठवलं, किल्ल्याच्या दुकानातून त्यांनी राज्याभिषेकाचा चहाचा डबा नेला होता, राजाचं बोधचिन्ह आणि सोनेरी कडा असलेला. भाव ऐकून आधी खाली ठेवला, मग माझा डोळा चुकवून परत उचलला.

"आई, तो डबा वापरता का?"

"वापरते की. मेतकूट आहे त्यात. झाकण घट्ट बसतं, मुंगी शिरत नाही."